धरणकाठचे पर्यटन : पैसा कोणाचा, जोखीम कोणाची?

पावसाळा सुरू झाला की दरवर्षी दोन बातम्या पाठोपाठ येतात. पहिली, अमुक धरणावर किंवा धबधब्यावर शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागली. दुसरी, कोणीतरी बुडाले आणि जिल्हाधिकाऱ्यांनी पर्यटनस्थळी बंदीचा आदेश काढला. या दोन्ही बातम्यांत पर्यटक असतो, पोलिस असतात, प्रशासन असते. ज्याच्या बांधावरून ती गर्दी पाण्यापर्यंत जाते, तो शेतकरी मात्र त्यात क्वचितच दिसतो.

हा लेख त्या शेतकऱ्यासाठी आहे. तुमची जमीन पवना, मुळशी, भंडारदरा, उजनी किंवा अशाच एखाद्या जलाशयाच्या फुगवट्याला लागून असेल, तर गेल्या काही वर्षांत तुमच्याकडे कोणीतरी नक्की येऊन गेले असेल. शहरातला एखादा तरुण येतो, बांधावर उभा राहून फोटो काढतो आणि विचारतो, "काका, वीस-तीस गुंठे तंबूसाठी द्याल का? दर महिन्याला रोख देतो." भाताच्या भावाचा अनुभव ताजा असतो, मुलाच्या फीची तारीख जवळ आलेली असते. हो म्हणायचा मोह होतो, आणि त्यात गैर काही नाही. फक्त हो म्हणण्याआधी तो नेमके काय मागतो आहे आणि तुम्ही नेमके काय देता आहात, हे कागदावर मांडून पाहायला हवे. कृषी सहायक आणि शेतीशाळा घेणाऱ्या कार्यकर्त्यांनाही हा प्रश्न गावोगाव विचारला जातो. त्याचे उत्तर पीक सल्ल्याच्या पुस्तिकेत सापडत नाही.

पाणी मागे सरकते, तंबूही मागे सरकतो

पवना धरणाचे उदाहरण घेऊ. धरण ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत भरते. पाणी पिंपरी-चिंचवडला पिण्यासाठी आणि खालच्या भागात शेतीसाठी सोडले जाते, त्यामुळे हिवाळ्यापासून पातळी उतरू लागते आणि मे अखेरीस काठ कितीतरी आत गेलेला असतो. तंबूंचा मुख्य हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पर्यटकाला सकाळी तंबूची चेन उघडली की समोर पाणी हवे असते. म्हणून पाणी जसे मागे सरकते, तसा तंबूही पुढे पुढे उतरतो. ऑक्टोबरमध्ये तुमच्या मालकीच्या खाचरात असलेला तंबू फेब्रुवारीत जलसंपदा विभागाच्या संपादित जमिनीवर उभा असतो. करार मात्र तुमच्या सातबाऱ्यावरचा. उद्या अतिक्रमणाची नोटीस आली, तर पहिले नाव तुमचेच निघते.

पूर्ण संचय पातळीच्या आतली ही उघडी पडणारी जमीन म्हणजे आपली गाळपेर. तिच्यावर हरभरा, ज्वारी, गहू, कलिंगड, भाजीपाला आणि चारा चांगला येतो, कारण दरवर्षी नवा गाळ आणि आतली ओल मिळते. दुष्काळी वर्षांत सरकारने याच जमिनी चारापिकांसाठी नाममात्र दराने दिल्या आहेत. पण ती भाड्याने मिळते ती हंगामापुरती आणि पेरणीसाठी. तिच्यावर तंबू, वाहनतळ किंवा शेकोटीची परवानगी त्या भाडेपट्ट्यात नसते. गाळपेरीचा पट्टा घेऊन तो कॅम्पवाल्याला पोटभाड्याने देणे म्हणजे पट्टा गमावण्याची सोय स्वतःच करून ठेवणे. धरणग्रस्तांनी तर हे अजिबात करू नये. ज्या जमिनीवर त्यांचा पहिला हक्क सांगता येतो, तिच्यावर बेकायदा वापराचा शिक्का बसला की पुढच्या प्रत्येक अर्जात तो आडवा येतो.

आणि धरणकाठी धरणग्रस्तच जास्त आहेत, हे विसरता येत नाही. मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह उभारला त्याला १०० वर्षे उलटली. पवनेच्या धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अनेक दशके रेंगाळला. याच पवनेचे पाणी बंद जलवाहिनीतून नेण्याच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ रोजी आंदोलन झाले, तेव्हा मावळात बऊरजवळ गोळीबारात तिघांचा जीव गेला. ज्या पाण्याने गाव बुडवले त्या पाण्याला आता फलकावर 'लेक व्ह्यू' म्हणतात. म्हणोत. पण त्या व्ह्यूचे पैसे येणार असतील, तर ते कोणाच्या खिशात जातात हे विचारण्याचा हक्क काठावरच्या माणसाला आहे.

कागद आधी, तंबू नंतर

शेतकरी नसलेल्या माणसाला महाराष्ट्रात शेतजमीन सहजासहजी विकत घेता येत नाही. कूळ कायद्याचे कलम ६३ त्याच्या आड येते. म्हणून बाहेरचे व्यावसायिक भाडेकरारावर भर देतात. कराराला ना नाही, पण साध्या शंभराच्या कागदावर सही करून पाच-दहा वर्षांचा ताबा देऊ नका. एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच असावा लागतो. माझे मत विचाराल तर पहिला करार एकाच हंगामाचा करा. गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा लिहा. पक्के बांधकाम करायचे नाही, करार संपला की सगळे उचलून न्यायचे, कचरा आणि मैल्याची जबाबदारी भाडेकरूची, अपघात झाल्यास जबाबदार कोण, हे सगळे मराठीत लिहून घ्या. इंग्रजी करारावर सही करायची वेळ आली, तर तो आधी कोणाकडून तरी वाचून घ्या.

अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या परिसरातले बहुतेक शेतकरी आदिवासी आहेत. त्यांच्यासाठी नियम आणखी कडक आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला विकताच येत नाही असे नाही, पण त्यासाठी पूर्वपरवानगी लागते, आणि भाडेपट्ट्यालाही जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. "फक्त भाड्याने घेतोय, विकत कुठे घेतोय" हे वाक्य तिथे चालत नाही. पुनर्वसनात मिळालेली जमीन असेल तर सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असा शेरा आहे का ते पाहा. तो असेल तर तहसील कार्यालयात विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

स्वतःच केंद्र चालवायचे असेल तर रस्ता सोपा आहे. राज्याचे कृषी पर्यटन धोरण सप्टेंबर २०२० मध्ये आले. त्यात किमान एक एकर शेती असलेला शेतकरी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करू शकतो. अट एवढीच की पर्यटनाबरोबर तिथे शेती चालू हवी. हे नोंदणीपत्र बँकेकडे कर्ज मागताना उपयोगी पडते आणि गावात चौकशी झाली तर दाखवायला कागद असतो. जेवण देणार असाल तर अन्न सुरक्षा नोंदणीही करून घ्या.

दोन गोष्टी बहुतेकांच्या लक्षात येत नाहीत. तंबूच्या भाड्याचे किंवा पर्यटकांकडून मिळालेले पैसे हे शेती उत्पन्न धरले जात नाही, त्यामुळे प्राप्तिकराची सूट त्याला नाही. आणि ज्या गुंठ्यांवर तंबू उभे आहेत तिथे ई-पीक पाहणीत भात दाखवू नका. नुकसान भरपाईच्या पंचनाम्यावेळी ते उघडे पडते आणि मग खऱ्या भाताचीही भरपाई अडकते.

हिशेब मांडून पाहू

पुढचे आकडे उदाहरणापुरते आहेत. तुमच्या गावचे दर त्यात घालून पाहा. समजा तुम्ही स्वतः दोन माणसांचे आठ तंबू लावले आणि जेवणासह माणशी १,२०० रुपये घेतले. सगळे भरले तर एका रात्रीचे १९,२०० रुपये. शनिवार-रविवारच्या दोन रात्री धरल्या आणि निम्मेच तंबू भरले, तरी आठवड्याला १९,२०० येतात. हा आकडा ऐकून पुष्कळ जण तिथेच थांबतात.

आता खर्च. सोळा माणसांचे जेवण, चहा, नाश्ता माणशी ४५० प्रमाणे ७,२००. संकेतस्थळाचे किंवा दलालाचे २० टक्के कमिशन ३,८४०. दोन माणसे दोन दिवस ६०० रुपये रोजाने २,४००. सरपण, वीज, अंथरूण-पांघरूण धुणे आणि साफसफाई १,५००. एकूण १४,९४०. हातात उरले ४,२६०. पावसाळ्यातली बंदी, परीक्षांचे दिवस आणि लग्नसराई वगळून वर्षात असे २६ आठवडे मिळाले, तर १,१०,७६० रुपये. तंबूचे कापड उन्हाने दोन वर्षांत जाते. ३,५०० रुपयांचा एक धरला तर आठ तंबूंची घसारा रक्कम वर्षाला १४,०००. शोषखड्ड्यासह दोन पक्की स्वच्छतागृहे दीड लाखात झाली आणि दहा वर्षे टिकली, तर वर्षाला १५,०००. शेवटी राहतात ८१,७६० रुपये.

वीस-तीस गुंठ्यांच्या भातापेक्षा हे निश्चितच जास्त आहे. पण यात घरच्या बाईची मजुरी धरलेली नाही. शनिवारी दुपारपासून सोमवारी सकाळपर्यंत चूल तिच्याकडे असते, आणि बऱ्याच घरांत हिशेबाच्या वहीत तिचे नाव नसते. ४५० रुपयांत फक्त किराणा आणि भाजी बसते, तिचे दोन दिवस बसत नाहीत. तिचा रोज लावला की चित्र बदलते. शिवाय ऐन शनिवारी बंदीचा आदेश निघाला तर आणलेली भाजी, कापलेली कोंबडी आणि परत करायचे आगाऊ पैसे हे सगळे तुमच्या डोक्यावर. म्हणून दहाच्या वर तंबू नेऊ नका असे मी सांगेन. मोठा व्याप वाढला की बाहेरची माणसे, बाहेरचा स्वयंपाक आणि बाहेरचे कर्ज येते, आणि मग रोपवाटिका टाकायच्या आठवड्यात तुम्ही शेतात नसता.

यापेक्षा कमी जोखमीचा पैसा तुमच्या कणगीत आहे. मावळ-मुळशीला येणारा माणूस इंद्रायणी तांदूळ ओळखतो. हे वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राचे. आंबेमोहोराला तर भौगोलिक मानांकन आहे. अकोल्यात काळभातासारखे स्थानिक वाण आहेत, आणि त्याच तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या जतनासाठी २०२० च्या यादीत पद्मश्री मिळाल्यापासून शहरातली माणसे या धान्याबद्दल आपणहून विचारतात. पर्यटक जाताना गाडीत पाच किलो तांदूळ, नाचणी, मध, हातसडीचे पोहे ठेवून नेतो. पिशवीवर गावाचे नाव, वाण, कापणीचे वर्ष आणि एक फोन नंबर असेल, तर पुढच्या वर्षी तो न येताही मागवतो. या विक्रीला तंबू लागत नाही, बंदीचा आदेश लागत नाही. महिला बचत गटाने रस्त्यावर टाकलेल्या एका टेबलावर हे होते. कृषी सहायकांनी धरणकाठच्या गावांत शेतीशाळा घेताना तांदळाची प्रतवारी, ओलावा आणि पॅकिंग यावर एक तास दिला, तर तो वाया जाणार नाही.

सोमवारचे शेत

गर्दी गेली की शेतात काय उरते ते तुम्हाला माहीत आहे. तरी काही गोष्टी नीट सांगाव्या लागतात, कारण त्यांचा खर्च उशिरा कळतो.

काचेची बाटली सगळ्यात वाईट. चिखलणी केलेल्या खाचरात फुटलेली काच दिसत नाही. लावणीच्या वेळी बायांचे हात आणि पाय त्याच चिखलात असतात. जखम झाली तर स्वच्छ धुऊन त्याच दिवशी धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या, चुना-हळद लावून लावणी पुरी करू नका. दुसरे प्लॅस्टिक. उष्टे लागलेली पिशवी गाय-म्हैस आख्खी गिळते. ती पोटात साठत जाते. जनावर रवंथ कमी करते, वारंवार पोट फुगते, दूध उतरते, आणि आपण पोटफुगीचे औषध पाजत राहतो. तंबूजवळ चरणाऱ्या जनावरात असे वारंवार झाले तर पशुवैद्यकाला "इथे पर्यटक जेवतात" हे आवर्जून सांगा. निदान लवकर होते.

तिसरी आग. भात झोडून झाल्यावर पेंढ्याची उडवी, सुकलेले गवत आणि माळावरचा वारा, हे सगळे नेमके तंबूच्या हंगामात असते. शेकोटी ठरलेल्या एकाच खड्ड्यात, भोवती दोन हात माती उकरलेली आणि शेजारी पाण्याची बादली, एवढी अट करारात लिहाच. उडवीभोवती आणि हद्दीवर जानेवारीतच जाळरेषा काढा. वणवा लागला की तो गट नंबर पाहत नाही.

मैल्याचे पाणी ही चौथी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत गंभीर. तात्पुरता खड्डा खणून वर पत्र्याची खोली उभी करण्याची पद्धत सगळीकडे दिसते. शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर लांब, विहिरीच्या खालच्या उताराला आणि पूर्ण संचय पातळीच्या बाहेर हवा. मुरमाड जमिनीत पाणी वेगाने झिरपते, तिथे अंतर आणखी वाढवा. धरणाचे पाणी शहर शुद्ध करून पिते. तुमच्या वाडीची विहीर कोणी शुद्ध करत नाही.

आता काजव्यांबद्दल. मे अखेर आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात, भंडारदऱ्याच्या पाणलोटातल्या गावांत काजवे पाहायला गर्दी लोटते. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर हजारो काजवे एका लयीत चमकतात. तो प्रकाश म्हणजे नर-मादीची एकमेकांना हाक असते. गाडीचे दिवे, विजेरी आणि मोबाईलचा उजेड पडला की ती हाक ऐकू येत नाही, असे समजा. मादी बऱ्याचदा खाली गवतात, झुडपात असते, ती पायाखाली जाते. प्रौढ काजवा काही दिवसच जगतो, पण त्याची अळी कितीतरी महिने जमिनीत आणि पालापाचोळ्यात राहते आणि लहान गोगलगाई, शंखी खाऊन वाढते. २०२२ मध्ये मराठवाड्यात गोगलगाईंनी सोयाबीनची रोपे कशी फस्त केली ते तुम्ही पाहिले किंवा वाचले असेल. काजव्याची अळी तेवढे संकट थोपवील असा दावा मी करत नाही. पण शेतकऱ्याचा एक फुकटचा मित्र त्या अळीत आहे. एका रात्रीच्या गर्दीत जी मादी तुडवली जाते, तिची अंडी पुढच्या वर्षीच्या जमिनीतून कमी होतात. वन विभाग दरवर्षी वाहनांवर, उजेडावर आणि वेळेवर निर्बंध घालतो. ते पाळले जातात की नाही, हे तिथे उभ्या असलेल्या गावच्या माणसावर ठरते. ज्या गावांनी गाडी वेशीवर थांबवून, विजेरीवर लाल कागद लावायला लावून, माणसे चालत नेली, तिथे काजव्यांचे नुकसान कमी होते आणि गावच्या पोरांना वाटाड्याचे पैसेही मिळतात.

पाण्याशी खेळ

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या वरच्या बाजूला ओढ्यातल्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी अचानक वाढले आणि बाहेर पडायला अवधीच मिळाला नाही. त्यानंतर पुणे जिल्ह्यात पर्यटनस्थळांवर निर्बंधांचे आदेश निघाले. आता हे आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात, जुन्या १४४ च्या जागी. पुढच्याच वर्षी १५ जून २०२५ रोजी, रविवारी, मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना अरुंद लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चौघांचा मृत्यू झाला. गावकऱ्यांच्या ये-जा करण्यासाठी असलेल्या पुलावर फोटो काढायला शेकडो माणसे उभी राहिली, तर तो किती काळ टिकणार? तुमच्या गावात ओढ्यावरचा साकव असेल, तर पावसाळ्याआधी ग्रामसभेत त्याची भारक्षमता तपासण्याचा ठराव करून घ्या, त्याची प्रत बांधकाम विभागाला द्या आणि पोच घ्या. साकव पडला तर पर्यटक दुसऱ्या धबधब्यावर जाईल. तुमची दुधाची किटली मात्र त्याच साकवावरून जाते.

फुगवट्याचे पाणी वरून शांत दिसते, आणि तिथेच फसगत होते. काठाचा गाळ मांडीपर्यंत आत घेतो. दोन पावलांवर जुन्या नदीचे पात्र एकदम खोल जाते. पाण्याखाली जुनी विहीर, ताल, दगडी बांध, वठलेली झाडे आहेत. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे कळायला मार्ग नाही. तुम्हाला कळते, कारण तुमच्या आज्याचे घर तिथे होते. ज्या ठिकाणी उतरू नये तिथे बांबू रोवून लाल फडके बांधा. वाहनांच्या रिकाम्या ट्यूब आणि जाड दोर तंबूजवळ ठेवा. संध्याकाळनंतर पाण्यात कोणालाही उतरू देऊ नका, आणि दारू प्यालेल्याला तर दिवसाही नाही. दारू तुम्ही विकू नका, आणून देऊ नका. परवान्याशिवाय तो गुन्हा आहे आणि बुडालेल्या माणसाच्या प्रकरणात पहिला प्रश्न तोच विचारला जातो.

होडीवर पर्यटक फिरवणाऱ्यांनी २१ मे २०२४ आठवावी. उजनीत करमाळ्यातील कुगावहून इंदापूरमधील कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. ती सहलीची बोट नव्हती, रोजची प्रवासी वाहतूक होती. पण पाणी आणि वारा सहल की प्रवास असा भेद करत नाहीत. भिगवण-कुंभारगावकडे रोहित पाहायला येणारे पक्षीप्रेमी वाढले आहेत, आणि मच्छीमार बांधवांना त्यातून चांगला जोडधंदा मिळतो आहे. प्रत्येक माणसाच्या अंगात जीवरक्षक जॅकेट, होडीत ठरलेलीच माणसे आणि मे-जूनमध्ये दुपारनंतर ढग आले की होडी काठाला, हे तीन नियम मोडायचे नाहीत. पर्यटकाने कितीही आग्रह केला तरी.

एकट्याने नाही, गावाने

साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आले. सातारा शहराला पाणी देणारा कास तलाव त्याच परिसरात आहे. फुलांच्या हंगामात तिथे एवढी गर्दी व्हायची की फुलेच तुडवली जायची. आता आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या वन विभागाबरोबर तिथले व्यवस्थापन पाहतात. प्रवेश शुल्क आहे, नोंदणी आहे, दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा ठरवली आहे, वाहने लांब उभी करावी लागतात, आणि तिकीट फाडणारा, वाट दाखवणारा, कचरा उचलणारा माणूस गावातला आहे. सगळे आलबेल आहे असे नाही. तिथे घातलेले कुंपण पुढे काढावे लागले, कारण गुरांचे चरणे आणि रानजनावरांची ये-जा बंद झाल्याने फुलांवरच परिणाम होतो अशी तक्रार वाढली. शेतकऱ्याच्या दृष्टीने यातली कामाची गोष्ट ही की पठारावर चरणारी गुरे म्हणजे अडचण नसून त्या पठाराचाच भाग होती.

धरणकाठी असे का होत नाही? एक कारण म्हणजे जमीन तिघांची आहे : पाण्याजवळची जलसंपदाची, डोंगराकडची वन विभागाची आणि मधली तुमची. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. दुसरे कारण आपल्यातच आहे. शेजाऱ्याने दहा तंबू लावले की आपण वीस लावतो, त्याने दर हजार केला की आपण आठशे करतो, आणि दोघेही दलालाच्या हातात जातो. तीन-चार वाड्यांनी एकत्र बसून किमान दर, एका गटात जास्तीत जास्त किती तंबू, रात्री दहानंतर आवाज बंद, गाड्यांसाठी एकच जागा आणि तिची पावती एवढे ठरवले, तर प्रशासनाशीही एका आवाजात बोलता येते. बंदीच्या आदेशातून दूध, भाजी आणि मजुरांच्या गाड्या वगळाव्यात, ही मागणी एकट्या शेतकऱ्याने केली तर ऐकली जात नाही. ग्रामपंचायतीच्या ठरावासह पावसाळ्याआधी तहसीलदारांकडे गेली, तर तिच्यावर विचार होण्याची शक्यता कितीतरी वाढते.

ठराव मेच्या ग्रामसभेत मांडा. तोपर्यंत काजव्यांची गर्दी सुरू झालेली नसते, धूळवाफेवरची पेरणी व्हायची असते आणि माणसांना बसून बोलायला वेळ असतो. गाळपेरीसाठी जलसंपदाच्या शाखा कार्यालयात पावसाळा संपता संपताच चौकशी करून अर्ज द्या, पाणी उतरण्याची वाट पाहू नका. आणि तोवर तंबूवाला पुन्हा आला, तर त्याला सातबारा, करार आणि शोषखड्ड्याची जागा या तीन गोष्टी दाखवायला सांगा. त्याच्याकडे उत्तरे असतील तर बसून चहा पाजा.